हेल्मेटच्या आतलं लेबल

बेळगावला घरी गेलो की कुणीतरी विचारतंच, "काय रे, अजून ते गाडी पळवायचं चालू आहे काय?" मग मी समजावायला बसतो. आत्या सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "एवढं इंजिनिअरिंग शिकलास, आणि स्वतःचीच गाडी गोल गोल फिरवायला वर पैसे देतोस?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. पैसे देतो हे खरं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं, मॅच बघायला येतात तशी गर्दी नसते. एखादी संस्था रेस ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेते आणि आपल्यासारखे हौशी लोक फी भरून आपली रोजची गाडी तिथे चालवतात. पंधरा-वीस मिनिटांची सत्रं असतात. नवशिक्यांचा गट वेगळा, सरावलेल्यांचा वेगळा. ओव्हरटेक कुठे करायचं आणि कुठे नाही हे ठरलेलं असतं. बहुतेकांना तिथून एकच गोष्ट घेऊन जायची असते: आपली गाडी आणि आपण, दोघांनाही नक्की किती जमतं याचा अंदाज.

मी बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वर्षातून दोनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो. तिथला मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. पूर्वी त्याला मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणत. लांबी साधारण ३.७ किलोमीटर. गंमत म्हणजे आपल्या बेळगावला लागून जाणारा एन एच ४८ हायवेच हुबळी, बंगळूर करत श्रीपेरुंबुदूरकडे जातो आणि हा ट्रॅक त्याच हायवेला लागून आहे. म्हणजे बेळगावातून निघून रस्ता न बदलता रेस ट्रॅकच्या दारात पोचता येतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तेवढंच चालव की. तिथं पोचलास की परत ये."

"आत पाऊस पडतो काय?"

ट्रॅक डेला सकाळी सगळ्यात आधी तपासणी होते. तिला स्क्रूटिनी म्हणतात. एक माणूस गाडीभोवती फिरून टायर, ब्रेक, बॅटरीचा क्लॅम्प, चाकांचे नट, कुठे तेल गळतंय का हे बघतो. गाडी ओढायचा हुक पुढे लावला आहे ना हे बघतो. मग आपल्याकडे वळतो: पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, बंद बूट, आणि हेल्मेट.

हेल्मेटचा विषय निघाला की घरचे हसतात. आईचा प्रश्न तर आमच्याकडे प्रसिद्धच झालाय: "गाडीत बसून हेल्मेट? आत पाऊस पडतो काय?"

प्रश्न चुकीचा नाही. गाडीला पत्र्याचं छत आहे, सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहेत. रस्त्यावर कार चालवताना हेल्मेट कुणी घालत नाही. मग ट्रॅकवर कशाला? रस्त्यावरची कार आणि तिची सुरक्षा रस्त्यावरच्या अपघातांचा विचार करून बनवलेली असते. ट्रॅकवर माझी साधी हॅचबॅकसुद्धा सरळ पट्ट्याच्या शेवटी दीडशेच्या आसपास असते आणि तिथून जोरात ब्रेक मारून वळायचं असतं. गाडी घसरून आडवी गेली, मातीत चाक रुतून उलटली, तर डोकं बाजूच्या काचेवर, दरवाजाच्या खांबावर किंवा छताच्या कडेवर आपटू शकतं. सीटबेल्ट धड धरून ठेवतो. डोकं मानेवर मोकळंच असतं.

हेल्मेट डोक्याला नेमकं काय देतं, तर थांबायला जागा. थोडं गणित करून बघा. बारावीचंच आहे, घाबरू नका. युरोपातल्या ई सी ई प्रमाणपत्राच्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटतात. हा वेग म्हणजे ताशी २७ किलोमीटर. एवढा वेग येण्यासाठी वस्तू साधारण २.९ मीटर उंचीवरून पडावी लागते, म्हणजे घराच्या छताएवढ्या उंचीवरून. उघडं डोकं सिमेंटवर आपटलं तर थांबायला त्वचा आणि केसांची जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा मिळते. ३ मिलिमीटर धरले तर मेंदूला गुरुत्वाकर्षणाच्या साडेनऊशे पट धक्का बसतो. हेल्मेटच्या आतला थर चेपून हेच अंतर ३ सेंटिमीटर झालं, तर धक्का दहा पटीने कमी होऊन ९५ पटीवर येतो. पहिल्या आकड्यात माणूस वाचणं अवघड आहे. दुसऱ्यात तो बहुधा स्वतःच्या पायांवर घरी येतो.

हा आतला थर म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचीच दाट जात. गणपतीच्या मखराला वापरायचो ना, त्याच घराण्यातला. बाहेरचं कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं. जीव वाचवायचं मुख्य काम थर्माकोल करतो, आणि तेही एकदाच. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून पडलेलं, आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी त्याचं आयुष्य संपलेलं असतं. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नये म्हणतात ते यासाठीच. त्याचा इतिहास विकणाऱ्यालाच माहीत असतो, आणि तो सांगेलच असं नाही.

एका हौशी माणसाच्या नावाचं लेबल

माझ्या हेल्मेटच्या आत, अस्तराखाली, एक छोटं लेबल चिकटवलेलं आहे. त्यावर स्नेल हे नाव आणि एस ए २०२० असा शिक्का आहे. भाच्याने एकदा विचारलं, "मामा, ही कंपनी कुठली?" ही कंपनी नाही, माणूस आहे.

पीट स्नेल हा अमेरिकेतला हौशी ड्रायव्हर. १९५६ साली एका शर्यतीत त्याची गाडी उलटली. डोक्यावर त्या काळातलं चांगलं समजलं जाणारं हेल्मेट होतं, पण ते डोकं वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी मिळून त्याच्या नावाने एक संस्था काढली. काम एकच: हेल्मेटं घ्यायची, आपटायची आणि कुठलं खरंच उपयोगाचं आहे ते लोकांना सांगायचं. साधारण दर पाच वर्षांनी ही संस्था आपले निकष नव्याने लिहिते. म्हणून लेबलवर साल असतं, आणि म्हणून बऱ्याच ट्रॅकवर अमुक सालाच्या आधीचं हेल्मेट चालत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. जुनी व्हर्जन चालते, पण एक दिवस तिचा सपोर्ट बंद होतो.

एस ए या दोन अक्षरांनाही अर्थ आहे. स्नेलचं मोटरसायकलसाठी एम हे वेगळं प्रमाणपत्र आहे, कारशर्यतीसाठी एस ए. मोटरसायकलवाला पडला की गाडीपासून लांब फेकला जातो, आणि त्याला रस्त्यावर दोन्ही बाजूंचं दिसावं लागतं. म्हणून एम हेल्मेटचं तोंड जास्त रुंद असतं. कारवाला मात्र आगीशेजारी अडकून पडू शकतो, त्याचं डोकं लोखंडी रोल बारवर आपटू शकतं. म्हणून एस ए हेल्मेटला ज्वाळेची चाचणी असते आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी असते. दोन्ही हेल्मेटं चांगलीच, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत. स्वयंपाकघरात विळीही लागते आणि किसणीही लागते, पण नारळ किसणीने फुटत नाही.

आपल्याकडे रस्त्यावरच्या हेल्मेटला भारतीय मानक आय एस ४१५१ लागू आहे, आणि १ जून २०२१ पासून आय एस आय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं किंवा विकणं बेकायदा आहे. नवशिक्यांच्या ट्रॅक डेला बऱ्याच ठिकाणी चांगल्या अवस्थेतलं, पूर्ण चेहरा झाकणारं असं हेल्मेट चालतं. प्रत्यक्ष शर्यतीत उतरायचं तर नियम कडक होतात. प्रत्येक आयोजकाचं पत्रक वेगळं असतं आणि ते आधी नीट वाचावं. मी स्वतः एस ए घेतलं. तीस हजारांच्या आसपास पडलं. बायकोने बिल बघितलं, पण बोलली काहीच नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

अर्धवट सुधारणा

ट्रॅकवर नवीन आलेल्या उत्साही मुलांमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते. इंटरनेटवर रेसिंगचे चार पट्ट्यांचे बेल्ट मागवतात, सीटच्या मागे कुठेतरी बोल्ट मारतात आणि फोटो काढतात. दिसायला भारी दिसतं. पण हा भाग काळजीपूर्वक वाचा, कारण कॉलेजमधल्या पोरांना कुणीतरी हे सांगायला हवं.

गाडीचा मूळ तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट, एअरबॅग, सीट आणि छत हे सगळं मिळून एक हिशेब असतो. बेल्ट थोडा सैल होतो, शरीर थोडं पुढे जातं, एअरबॅग त्याला झेलते. चार पट्ट्यांचा बेल्ट खांदे सीटला पक्के आवळून टाकतो. आता गाडी समोरून आदळली तर धड जागच्या जागी थांबतं आणि हेल्मेट घातलेलं डोकं, म्हणजे दीड किलो जास्तीचं वजन, एकटंच पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. गाडी उलटून छत खाली दबलं, तर आवळलेल्या माणसाला बाजूला झुकताही येत नाही. रेसिंग कारमध्ये हे चालतं, कारण तिथे लोखंडी पिंजरा छत दबू देत नाही आणि डोकं धरायला आणखी एक साधन असतं.

त्या साधनाची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत जिम डाउनिंग नावाचा ड्रायव्हर होता. १९८१ मध्ये त्याचा एक ड्रायव्हर मित्र अपघातात गेला. मार शरीराला नव्हे, कवटीच्या तळाला बसला होता. डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड हा मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक. दोघांनी मिळून खांद्यावर बसणारी एक कॉलर बनवली. ती बेल्टखाली दाबली जाते आणि दोन छोट्या पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली असते. धड थांबलं की डोकंही बरोबरच थांबतं. तिचं नाव हान्स. बरीच वर्षं ड्रायव्हर लोक ती वापरायला तयार नव्हते. अडचण होते, मान वळत नाही, गरज काय, अशी कारणं देत. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. तो त्या खेळातला त्यांचा सचिन होता म्हणा. मार तोच, कवटीच्या तळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने असं साधन सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने. साधन बनून वीस वर्षं होत आली होती. एका मेहुण्याने केलेलं काम जगाने मान्य करायला एवढा वेळ लागला.

हान्सची कॉलर मात्र रेसिंग बेल्टसाठी बनलेली आहे. साध्या तीन ठिकाणच्या बेल्टवर ती धड बसत नाही, कारण एका खांद्यावर पट्टाच नसतो. म्हणजे बेल्ट, सीट, पिंजरा आणि हान्स हे एकमेकांवर अवलंबून आहेत. एक घेतलं की बाकीचं घ्यावं लागतं; नाहीतर कंपनीने दिलेलं आहे तसंच ठेवावं. माझी गाडी रोज ऑफिसला आणि मुलीला शाळेत सोडायला लागते. म्हणून मी मूळ बेल्ट, मूळ एअरबॅग आणि चांगलं हेल्मेट यावर थांबलो आहे. गाडीवर जास्तीचा खर्च केला तो नव्या ब्रेक पॅडवर आणि ब्रेक ऑइलवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं; जुनं झालं की तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल भुसभुशीत होतं. ट्रॅकवर तेवढं पुरतं. घाटात उतरतानाही हेच होऊ शकतं, म्हणून आंबोली किंवा चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांनीही ते वेळेवर बदलून घ्यावं.

दिवाळीतला नियम

कपड्यांच्या बाबतीत आयोजक सांगतात: सुती घाला, नायलॉन-पॉलिस्टर नको. खरे रेसर नोमेक्स या न पेटणाऱ्या धाग्याचे सूट, मोजे, बनियन घालतात. १९७६ च्या ऑगस्टमध्ये नुरबुर्गरिंगला निकी लाउडा जळत्या गाडीत अडकला होता. चार ड्रायव्हरनी थांबून त्याला बाहेर ओढलं. तो सहा आठवड्यांत परत शर्यतीत उतरला, पण चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. हौशी माणसाला सूटची सक्ती सहसा नसते, पण निदान अंगावर वितळणारं काही नको.

हे वाचून दाखवलं तेव्हा आईचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "हे तर आम्ही तुम्हाला लहानपणापासून सांगतोय. फटाके उडवताना सुती कपडे घालायचे." आणि बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं होते. चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड रोज डोळ्यांसमोर ओतलं जायचं. ते म्हणाले, "आमच्यात ओतकामाला नायलॉनचा शर्ट घालून आलेल्याला परत घरी पाठवायचे. आणि बुटाला लेस नसायची. का, सांग बघू?" मला सांगता आलं नाही. "लोखंडाचा थेंब बुटात गेला तर लेस सोडत बसायला वेळ कुठला? पाय झटकला की बूट निघायला पाहिजे." मग त्यांनी आयोजकांचं नियमपत्रक माझ्याकडून मागून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. पिवळा झेंडा, लाल झेंडा, अग्निशामक, अँब्युलन्स, डॉक्टर. वाचून झाल्यावर म्हणाले, "ज्याने लिहिलंय त्याला काम माहीत आहे." बाबांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण लगेच पुढचा प्रश्न आला. "हे सगळं घालून, करूनसुद्धा काही झालं तर?"

याचं उत्तर गोड करून सांगता येत नाही. ८ जानेवारी २०२३ ला याच मद्रासच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत के. ई. कुमार गेले. ते एकोणसाठ वर्षांचे होते, अनेक वर्षांचा अनुभव होता, मैदानावर डॉक्टर होते. ती शर्यत होती, ट्रॅक डे नव्हता, हा फरक आहे. पण धोका शून्य होत नाही हे तेवढंच खरं. हेल्मेट धोका कमी करतं, मिटवत नाही. बाबांना मी हेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पत्रक घडी करून परत दिलं.

बायकोशी बोलणं वेगळं झालं. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या तीन अटी होत्या. पहिली, हेल्मेटवर पैसे वाचवायचे नाहीत. म्हणून बिलावर ती काही बोलली नाही. दुसरी, विम्याची सगळी कागदपत्रं तिच्यासमोर बसून वाचायची. हे आम्ही एका रविवारी केलं, आणि तुम्हीही करा. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठी केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर गाडीचं काही झालं तर खर्च आपला. आयुर्विम्याला जोडलेल्या अपघाती विम्यातही अशी कलमं असू शकतात, ती बारीक अक्षरं भिंग लावून वाचावीत. आम्ही एक रक्कम ठरवली आहे. तेवढं नुकसान सोसायची तयारी असेल त्याच वर्षी जायचं. तिसरी अट, "कुणी मागून जोरात आला तर वाट द्यायची. तिथं कुणाला काही दाखवायचं नाही." ही अट सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगाची.

डॅशबोर्डवरचा गणपती

सत्राच्या आधी गाडी पूर्ण रिकामी करावी लागते. पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, मुलीचं खेळणं, डिकीतला जॅक, सगळं बाहेर. सुटी वस्तू अपघातात गाडीच्याच वेगाने पुढे जात राहते. पायाजवळ गडगडत आलेली बाटली ब्रेक पेडलखाली अडकली तर अपघातच व्हायचा बाकी राहतो.

या यादीत डॅशबोर्डवरचा गणपतीही येतो. आईला हे पटणं कठीण होतं. "देव काढून ठेवून वेगात जायचं?" मी तिला गाडीत बसवून दाखवलं. पुढच्या सीटसमोर डॅशबोर्डवर एअरबॅग असं लिहिलेलं झाकण असतं. आपला गणपती बरेचदा नेमका त्याच्यावर किंवा शेजारी चिकटवलेला असतो. एअरबॅग उघडते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि त्यावर जे असेल ते समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. त्या सीटवर नेहमी आईच बसते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग फक्त तिकडं गेल्यावर कशाला? इथंही नको." आता गणपती की-चेनवर आहे. ओळखीच्या तीन घरांमध्ये आईने स्वतः जाऊन हा बदल करायला लावलाय. विसर्जनासारखं नीट हळद-कुंकू वाहून मूर्ती घरात आणायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची, हे तिचं स्वतःचं.

भाच्याची फी

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं मागे लागलाय, "मामा, मला ने की एकदा." त्याला अठरा पूर्ण झाली, लायसन्स आहे. गेल्या गणपतीत मी त्याला म्हटलं, नेतो, पण एक फी आहे. सहा महिने बेळगावात दुचाकीवर हेल्मेट घालायचं. पट्टा लावून, प्रत्येक वेळी. कोपरात अडकवलेलं धरणार नाही.

त्याने वाद घातला, आणि मुद्दा वाईट नव्हता. "मामा, तिथं तू दीडशेने जातोस. मी इथं कॉलेजला चाळीसने जातोय. दोन्हीकडं सारखं कसं?"

मी त्याला म्हटलं, सारखं नाहीच. इथे जास्त गरज आहे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा असते, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस असतो, अँब्युलन्स इंजिन तयार ठेवून उभी असते. आणि तुझ्या वाटेवर? उलट्या बाजूने येणारी स्कूटर, मध्येच बसलेली म्हैस, पावसाने नवा केलेला खड्डा, आणि हंगामात रात्री मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. त्यातलं एकही ट्रॅकवर येऊ देत नाहीत. शिवाय वर सांगितलेलं गणित ताशी २७ किलोमीटरचं आहे. चाळीस त्याच्या बरंच वर आहे.

आकडेही दाखवले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. त्यांत मागे बसलेले चौदा हजारांहून जास्त. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर दुचाकीवर हेल्मेट घातल्याने मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. नऊशे ते पंधराशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूने एवढा फरक पडणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

मग त्याला घेऊन दुकानात गेलो. कसं बघायचं तेही सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आय एस आय शिक्का आणि बनवल्याची तारीख बघा. घातल्यावर गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत. पहिल्या दिवशी आरामशीर वाटलं तर ते एक माप मोठं आहे. डोकं हलवलं की हेल्मेट डोक्याबरोबर हलायला हवं, मागून नाही. हनुवटीखाली पट्टा लावून दोन बोटं जेमतेम जावीत. शेवटी दुसऱ्याला मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढायला सांगा. निघून आलं तर अपघातातही निघेल. पाच वर्षांनी, किंवा एकदा जोरात आपटलं की लगेच, बदला. भाच्याने दुकानात पहिलं उचललेलं काळं-लाल हेल्मेट या शेवटच्या परीक्षेत नापास झालं. त्याचं तोंड पडलं, पण घेतलं मात्र त्याने पास झालेलं, साधं पांढरं.

त्याला चार महिने झालेत. परवा ताईचा फोन आला होता. म्हणाली, "रोज घालतोय बघ. गल्लीच्या कोपऱ्यावरून दूध आणायला जातानासुद्धा. पण हे तुझ्या ट्रॅकसाठी करतोय की खरंच पटलंय, काय कळत नाही."

मी तिला म्हटलं, कळायची गरज नाही. पट्टा लावतोय ना? ती म्हणाली, "तो आवाज येतोय की जिन्यातून, खट्ट करून." आता मागे बसणाऱ्या मित्रासाठी दुसरं एक घ्यायचं म्हणतोय, आणि पैसे मामाने द्यायचे असं त्याचं मत आहे. देणार आहे.